ऑइल कूलर घेण्याआधी हवेचा रस्ता मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला शेड घेऊन एक गृहस्थ दोन सीटचं, अॅल्युमिनियमचं किट विमान बांधताहेत. इंजिन लायकॉमिंग ओ-३२०, १६० अश्वशक्तीचं, प्रॉपेलर स्थिर पिचचा. किटबरोबर ७ ओळींचा, म्हणजे तेल वाहणाऱ्या नळ्यांचे ७ थर असलेला, ऑइल कूलर आलेला आहे. एप्रिलमध्ये इंजिन जमिनीवर चालवून बघितलं तर तेलाचा काटा बघता बघता ११० अंशांवर गेला आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. आता १३ ओळींचा नवा कूलर बाहेरून मागवावा, की रेडिएटरचं काम करणारे ओळखीचे मिस्त्री ‘गाडीचा कूलर बसवून देतो, निम्म्यात काम’ म्हणताहेत ते ऐकावं, असं त्यांनी विचारलंय.

माझं बरंचसं आयुष्य फ्लाइंग स्कूलच्या विमानांच्या काउलमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या आवरणात, डोकं घालून गेलं. बहुतेक लायकॉमिंग, थोडी रोटॅक्स. त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या प्रश्नात कूलरच्या ओळी आहेत, किंमत आहे, वजन आहे. पण कूलरच्या तोंडापर्यंत हवा कुठून आणणार आणि जाळीतून निघाल्यावर ती कुठून बाहेर काढणार, हे कुठंच नाही. मी तुमच्या जागी असतो तर प्रश्न असा मांडला असता: मे महिन्यातली दुपार, दोघं बसलेले, टाक्या भरलेल्या, विमान ७० नॉटला (ताशी साधारण १३० किलोमीटरनं) चढतंय, अशा वेळी जाळीतून किती हवा जाईल? याचं उत्तर मिळालं की कूलर आपोआप ठरतो. ते मिळत नाही तोवर १३ ओळींचा कूलर म्हणजे नुसतं जादा वजन आणि जादा खर्च.

पण त्याच्याही आधी तो ११० चा आकडा खरा आहे का ते बघा. तेलाचं सेन्सर काढा, पातेल्यात पाणी उकळायला ठेवा आणि सेन्सर त्यात धरा. सोलापूर समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांहून थोडं जास्त उंच आहे, त्यामुळं आपल्याकडं पाणी १०० ला नाही, साधारण ९८.४ अंशांना उकळतं. काटा १०६ दाखवत असेल तर तुमची निम्मी काळजी मीटरचीच आहे. सेन्सरचा मास, म्हणजे इंजिनाच्या धातूशी असलेला अर्थचा जोड, नीट नसला, जोडावर रंग किंवा सीलंट आलं असलं तरी स्वस्तातली मीटरं सहज ५-१० अंश चुकतात.

दुसरं, ते इंजिन चालवलं कसं? काउल काढून चालवलं असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. काउल आणि बॅफल (सिलिंडरभोवती हवा वळवणारे पत्रे) मिळून सिलिंडरच्या वर जी दाबाची पेटी तयार होते, तीच कूलरला हवा ढकलते. काउल नाही म्हणजे पेटी नाही. प्रॉपेलरचा वारा वाट फुटेल तिकडं जातो. काउल चढवून, नाक वाऱ्याच्या दिशेला ठेवून, थोडाच वेळ चालवा. तरीही जमिनीवरच्या आकड्यावरून कूलर निवडायचा नसतो. त्यातून फक्त गळती, तेलाचा दाब आणि काटा वर चढण्याचा वेग एवढंच कळतं.

आता ‘परिस्थितीवर अवलंबून’ म्हणायची वेळ, कारण हे वाचणाऱ्या प्रत्येकाकडं लायकॉमिंग नसेल. तेलाचं तापमान कुठं मोजलं जातं यावर त्या आकड्याचा अर्थ ठरतो. लायकॉमिंगमध्ये तेल संपमधून (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या कुंडातून) पंपात, तिथून कूलरमध्ये आणि मग फिल्टर किंवा गाळणीच्या घरात येतं. सेन्सर त्या घरात असतो. म्हणजे तुम्ही वाचता ते थंड होऊन परत आलेल्या, बेअरिंगकडं निघालेल्या तेलाचं तापमान. फोक्सवॅगनवरून केलेल्या इंजिनांत सेन्सर पुष्कळदा संपमध्येच लावलेला असतो, तिथं कूलरच्या आधीचं, तापलेलं तेल मोजलं जातं. त्यामुळं मित्राच्या फोक्सवॅगनचे १०५ आणि तुमच्या लायकॉमिंगचे १०५ यांची तुलना करू नका. रोटॅक्स ९१२ तर वेगळंच प्रकरण आहे. तिथं तेलाची टाकी वेगळी आणि कूलर टाकी व पंप यांच्यामध्ये, म्हणजे ओढीच्या बाजूला असतो. त्या बाजूला बारीक नळी किंवा अडथळे आणणारा कूलर लावला तर पंप उपाशी राहतो. जोड सैल असेल तर तेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत ओढली जाते आणि खाली एक थेंबही दिसत नाही. रोटॅक्सवाल्यांनी म्हणून माझे पुढचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

तुमच्या ओ-३२० ची लाल रेष २४५ फॅरनहाइटला, म्हणजे ११८ अंश सेल्सिअसला आहे. कंपनीला हवं असलेलं तापमान १८० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ८२ अंश. मला स्वतःला सपाट उड्डाणात ८२ ते ९५ च्या मध्ये काटा दिसला की बरं वाटतं. त्याहून थंडही नको. तेलात जमलेलं पाणी उडून जायला उष्णता लागते, आणि ते राहिलं तर कॅमशाफ्टला गंज चढतो. थंडीचा मुद्दा पुढं घेतो, कारण सोलापुरात डिसेंबरच्या पहाटे १३-१४ अंश असतात हे आपण मेमध्ये विसरून जातो.

आता गणित. कूलर किती उष्णता टाकतो ते तेल आणि आत येणारी हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. इंजिन तेलात टाकत असलेली उष्णता तेवढीच राहिली, तर तो फरकही तेवढाच राहावा लागतो. म्हणून बाहेरची हवा जेवढे अंश वाढते, जवळजवळ तेवढेच अंश तेल वाढतं. संपच्या भिंतींमधूनही थोडी उष्णता जाते, म्हणून प्रत्यक्षात किंचित कमी, पण हिशोबाला ‘अंशाला अंश’ धरून चाला. समजा तुम्ही जानेवारीत २० अंशांच्या सकाळी चाचणी घेतली आणि चढताना तेल ९२ ला स्थिरावलं. सगळे खूश. तेच विमान, तेच वजन, तोच वेग आणि मेमधले ४३ अंश: ९२ अधिक २३ म्हणजे ११५. लाल रेषेला फक्त ३ अंश शिल्लक. परदेशातल्या बांधणाऱ्यांचं ‘माझ्याकडं ७ ओळींचा मस्त चालतो’ वाचलं की आधी त्यांच्या गावचा उन्हाळा विचारा.

शिवाय हवा नुसती गरम नसते, पातळही असते. दीड हजार फुटांवरचं आपलं मैदान ४३ अंशांना साधारण ५,३०० फूट घनता-उंचीवर जातं, म्हणजे तिथली हवा प्रमाण वातावरणातल्या तेवढ्या उंचीवरच्या हवेइतकी पातळ होते. हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा १४-१५ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे जाळीतून तेवढ्याच घनफुटांची हवा गेली तरी तिचं वजन कमी, आणि उष्णता वाहून नेण्याचं काम वजन करतं. इंजिनाची ताकदही घटते, हा त्यातला दिलासा. पण त्यामुळं चढायला जास्त वेळ लागतो, आणि तो जादा वेळ नेमका जमिनीलगतच्या तापलेल्या हवेत जातो.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा दाबाचा. विमान पुढं जातं तेव्हा समोरच्या हवेचा जो दाब मिळतो तो वेगाच्या वर्गाप्रमाणं वाढतो. तो नळीतलं पाणी किती इंच उचलतो यावरून मोजतात; काट्यावर १२० नॉट असताना हा दाब पाण्याच्या साडेनऊ इंचांच्या आसपास असतो. ७० नॉटला तो फक्त सव्वातीन इंच उरतो. म्हणजे इंजिन पूर्ण ताकदीनं तेलात उष्णता ओतत असतं आणि हवा ढकलणारा दाब एक तृतीयांशावर आलेला असतो. प्रॉपेलरच्या वाऱ्याची थोडी मदत होते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. या सव्वातीन इंचातूनच काउलच्या तोंडातलं, वळणातलं, नळीतलं नुकसान वजा होतं आणि उरेल त्यावर कूलर चालतो. म्हणूनच मी कूलर निवडताना दोन गोष्टी बघतो: जाळीचं समोरचं क्षेत्रफळ आणि जाडी. जाळी जाड असली की तीच हवा पार करायला जास्त दाब लागतो. आपल्याकडं दाबाचीच टंचाई, त्यामुळं रुंद आणि पातळ जाळी मला जाड आणि छोट्या जाळीपेक्षा कधीही पसंत. चांगल्या कंपन्या तक्ता देतात: अमुक तेल, अमुक हवा, एवढी उष्णता जाईल आणि एवढे इंच पाण्याचा दाब लागेल. ज्याच्याबरोबर असा तक्ता येत नाही तो कूलर मी अंदाजानं विकत घेत नाही. इंजिन तेलात किती उष्णता टाकतं तेही इंजिनाच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि बाहेरची हवा ४३ अंश धरून, चढणीच्या दाबाला वाचा.

जागा कोणती? किटमध्ये बहुधा डाव्या मागच्या बॅफलवर, ४ नंबरच्या सिलिंडरमागं, कूलर लटकवायचं दाखवलेलं असेल. सोपी, हलकी जागा आहे, नळीही लागत नाही. पण तिचे दोन त्रास. एक, ४ नंबरचं सिलिंडर आणि कूलर एकाच कोपऱ्यातल्या हवेवर जगतात. एकाचं भागवायला जावं तर दुसरं तापतं. दुसरा त्रास पत्र्याचा. दीड-दोन किलोचा कूलर, त्यात तेल, वर दोन होसचं ओझं, आणि सगळं पातळ पत्र्यावर, कंप पावणाऱ्या इंजिनावर. अशा बॅफलवर काय शोधायचं ते सांगतो. कूलरच्या कोपऱ्यातल्या बोल्टभोवती आधी काळपट भुकटी दिसते, तेलाच्या मळासारखी. बोटावर घेऊन चोळली की करडी चमक येते; ते घासलं गेलेलं अॅल्युमिनियम असतं. त्यानंतर बोल्टच्या भोकातून बाहेरच्या वाकाकडं केसाएवढी रेघ निघते. भुकटी दिसली त्याच दिवशी कूलर उतरवला तर एका पत्र्यात भागतं. रेघ कोपऱ्यापर्यंत गेली की कूलर होसवर लोंबायला लागतो. म्हणून इथंच बसवायचा असेल तर मागून जाड पत्र्याचा डबलर आणि बॅफलपासून इंजिनाच्या केसपर्यंत एक तिरका आधार पहिल्या दिवशीच द्या.

४३ अंशांच्या गावात माझी पसंती मात्र दुसऱ्या जागेला: कूलर फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्यावर) किंवा इंजिन माउंटच्या नळ्यांवर, आणि मागच्या बॅफलमधून त्याला मोठी नळी. नळी ४ इंची घ्या. ३ इंची सोपी बसते म्हणून लोक तीच वापरतात आणि मग कूलरला शिव्या घालतात. ४ इंचीचं तोंड ३ इंचीच्या पावणेदोनपट असतं. नारिंगी, दोन थरांची सिलिकॉनची, आतून गुळगुळीत नळी घ्या; एकेरी नळीच्या आतली तार आणि घड्या हवेला अडवतात. वळण शक्यतो एकच, तेही मोठं.

नळी आणि जाळी यांच्यामधली पेटी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. गोल नळी थेट चौकोनी जाळीच्या मधोमध टेकवली तर हवा मधल्या भागातूनच जाते आणि कोपरे नुसते शोभेला राहतात. नळीपासून जाळीपर्यंत पेटी हळूहळू रुंद व्हायला हवी. भिंतीचा उतार प्रत्येक बाजूला ७ अंशांच्या आसपास राहिला तर हवा भिंत सोडत नाही. एवढी लांबी काउलमध्ये कुणालाच मिळत नाही, हे मान्य. मग निदान पेटीला खोली द्या, कडा गोल ठेवा, आणि हवा एका बाजूनं शिरत असेल तर पाचरीसारखा आकार द्या, म्हणजे पुढं पुढं उरलेली हवा उरलेल्या जाळीला पुरते. फायबरग्लासची पेटी घरी करता येते, आधी थर्माकोल कापून आकार बघा. जाळीच्या कडेनं हवा निसटणार नाही याची खात्री करा. फटीतून गेलेली हवा ही फुकट गेलेली हवा.

बाहेर जाणारी हवाही तितकीच महत्त्वाची. जाळीच्या मागं सायलेन्सरचा पाइप, बॅटरीची पेटी किंवा वायरिंगचा जुडगा चिकटून असेल तर वरून कितीही दाब द्या, हवा हलत नाही. काउलचं खालचं, बाहेर पडायचं तोंड वेगासाठी बारीक केलेलं असतं. सगळं करून तेल आणि सिलिंडर दोन्ही गरम असतील तर ते तोंड संशयित. सिलिंडर थंड आणि तेल एकटंच गरम असेल तर कूलर आणि त्याची नळी संशयित. ही एक ओळ लिहून हँगरच्या भिंतीवर लावा.

हे सगळं अंदाजानं करू नका, मोजा. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी ‘यू’ आकारात फळीवर बांधली की दाब मोजायचं यंत्र तयार. तिचं एक टोक जाळीच्या पुढं, एक मागं. पण हलत्या विमानात पाणी हिंदकळतं, म्हणून मी जुना, चालू स्थितीतला एअरस्पीड इंडिकेटर, म्हणजे दोन दाबांतल्या फरकावरून वेग दाखवणारं मीटर, वापरतो. पिटोचं तोंड जाळीच्या पुढच्या बाजूला, स्टॅटिकचं मागच्या बाजूला. काटा ५५ नॉट दाखवत असेल तर जाळीच्या आरपार २ इंच पाण्याचा फरक आहे. ७८ नॉट म्हणजे ४ इंच. आत ठेवायच्या बारीक नळीचं टोक बुजवा आणि बाजूला सुईनं चार-सहा भोकं पाडा, म्हणजे वाऱ्याचा थेट झोत न मोजता दाब मोजला जातो. ७० नॉटच्या चढणीत २ इंच मिळाले तर मी समाधानी असतो. एकच इंच मिळत असेल तर मोठा कूलर आणून काही होणार नाही, नळी आणि पेटी सुधारा. २ इंच मिळूनही तेल तापत असेल तर मात्र १३ ओळींचा खर्च योग्य.

आता तुमचे रेडिएटरवाले मिस्त्री. त्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही, आणि गाडीचा कूलर म्हणून नाक मुरडणाऱ्यातलाही मी नाही. रेसिंगच्या गाड्यांसाठी बनणारे सेट्रॅबसारखे कूलर घरी बांधलेल्या अनेक विमानांत चालतात. पण ‘गाडीचा’ या शब्दात फार गोष्टी येतात. गिअरबॉक्सचा कूलर, ज्याच्या नळ्यांवर रबरी पाइप चढवून क्लिप आवळायची, तो चालणार नाही. तुमच्या इंजिनात तेलाचा नेहमीचा दाब ५५ ते ९५ पीएसआय असतो, थंड इंजिन सुरू करताना ११५ पर्यंतही जातो. एक क्लिप निसटली तर संप रिकामा व्हायला फार मिनिटं लागत नाहीत, आणि ते तेल खाली लालबुंद एक्झॉस्टवर पडतं. गाडी कडेला घेता येते. तुमच्याखाली त्या वेळी ज्वारीचं शेत असेल की वस्ती, हे नशिबावर. झाळून तयार केलेल्या कूलरची फुटण्याची मर्यादा कुणी तपासणार नाही, कंपात तो किती टिकेल हे कुणालाच माहीत नसेल. म्हणून घरगुती झाळकाम नको, हे माझं स्पष्ट मत.

चुकीच्या आट्यांचा घोळ इथंच होतो, म्हणून सविस्तर सांगतो. विमानाच्या कूलरला पुष्कळदा एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाचे पाइपाचे, आटे असतात. आपल्याकडं चिंचोळी एमआयडीसीत किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हायड्रॉलिकच्या दुकानात सहज मिळतात ते बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे. एनपीटीचा आटा ६० अंशांचा, बीएसपीचा ५५ अंशांचा. गंमत म्हणजे अर्धा इंचात दोन्हींना इंचाला १४ च आटे, त्यामुळं फिटिंग छान बसल्यासारखं वाटतं, टेफ्लॉन गुंडाळलं की जमिनीवर गळतही नाही. ३/८ मध्ये एकाला १८, दुसऱ्याला १९. ते दोन-तीन फेऱ्यांनंतर जड जायला लागतं आणि आपण पान्याला जोर लावतो, तिथंच अॅल्युमिनियमच्या बुंध्याला चीर जाते. थ्रेड गेज शंभर-दोनशे रुपयांना मिळतो, तो खिशात घेऊनच दुकानात जा. फ्लेअरचंही (नळीच्या रुंदावलेल्या टोकाचंही) तेच: विमानाचा आणि हायड्रॉलिकमधल्या जेआयसीचा फ्लेअर ३७ अंशांचा, एसी-फ्रिजवाल्यांचा ४५ अंशांचा. एकमेकांवर आवळले तर एका बारीक रेषेवर टेकतात आणि कंपानं सुटतात.

त्याच दुकानात जेसीबीची होस क्रिंप करून देतात, दाब इंजिनाच्या कितीतरी पट सोसते, मग ती का नको? कारण नेहमीच्या हायड्रॉलिक होसची तापमानाची मर्यादा १०० अंश असते आणि तुमचं तेल कूलरमध्ये जाताना त्याहून गरम असू शकतं. वर आगीपासून वाचवणारं आवरण नसतं. होस विमानाचीच घ्या, ८ नंबरची, फायरस्लीव्हसकट. पैसे वाचवायचे तर दुसरीकडं वाचवा.

बसवताना तोंडं वर किंवा बाजूला ठेवा. तोंडं खाली ठेवली की वरच्या कोपऱ्यात हवा अडकते आणि तेवढी जाळी कामातून जाते. पहिल्यांदा सुरू करण्याआधी कूलर आणि होस तेलानं भरून घ्या. रबरी अस्तराचे क्लॅम्प आणि मऊ बुशिंग वापरा, कूलरची चौकट पिळून बसवू नका.

कूलरवर खर्च करण्याआधी व्हर्नाथर्म तपासा. ही तेलाच्या वाटेवरची तापमानावर चालणारी झडप. तेल थंड असताना ती कूलरला वळसा घालायची वाट उघडी ठेवते, आणि साधारण ८५ अंशांना लांब होऊन ती वाट बंद करते. पूर्ण बंद झाली नाही तर गरम तेल कूलरकडं न जाता परस्पर इंजिनात परततं, आणि मग जगातला सगळ्यात मोठा कूलरही उपयोगाचा नाही. काढून पातेल्यात गरम पाण्यात सोडा, शेजारी थर्मामीटर धरा, आणि टोक बाहेर येताना कॅलिपरनं मोजून मॅन्युअलशी ताडा. टोकाच्या शंकूवर बसकेची रेघ पूर्ण गोल आणि सारखी चमकदार हवी. चंद्रकोरीसारखी असेल तर झडप एका बाजूला टेकते आणि दुसरीकडून तेल निसटतं. आणि ते पातेलं परत स्वयंपाकघरात नेऊ नका. एव्हगॅसमधलं (विमानाच्या पेट्रोलमधलं) शिसं तेलात उतरलेलं असतं.

बॅफलच्या फटीही बघा. अंधार पडल्यावर काउल चढवा, आत जोरदार टॉर्च ठेवा आणि नाकातून, खालून बघा. उजेड येतो तिथून हवा जाते. त्या सिलिकॉननं बुजवा. रबरी पट्ट्या पुढच्या बाजूला वळलेल्या हव्यात, म्हणजे दाब आला की त्या काउलला चिकटतात. नव्या इंजिनाच्या रिंगा बसेपर्यंत तेल थोडं गरमच राहतं, हेही लक्षात असू द्या. हवा-पेट्रोलचं मिश्रण फार पातळ किंवा ठिणगीचं टायमिंग पुढं असेल तर तिथून येणारी उष्णता कूलरच्या माथी मारू नका.

तर तुमच्या विमानाला काय? ४ इंची नळी आणि नीट पेटी होणार असेल तर मी स्टुअर्ट वॉर्नर, एअरोक्लासिक्स किंवा एअरफ्लो सिस्टिम्स यांच्यापैकी तक्ता मिळेल तो १३ ओळींच्या मापाचा, पातळ जाळीचा कूलर घेईन. पेटी होणार नसेल आणि बॅफलवरच लटकवायचा असेल, तर आधी आहे तो ७ ओळींचा लावून थंड सकाळी मोजेन, मग ‘अंशाला अंश’ जोडून मेचा आकडा काढेन. तो १०५ च्या आत राहिला तर तोच ठेवेन. पहिली उड्डाणं सकाळी साडेसहाला करा, ७० ऐवजी ९० नॉटला चढा. एवढ्यानं दाब सव्वातीन इंचांवरून सव्वापाचावर जातो, आणि पैसा एकही लागत नाही. काटा ११० कडं सरकला की नाक खाली, थोडी ताकद कमी, मिश्रणात पेट्रोल भरपूर.

मोठा कूलर लावला की हिवाळ्याची सोय लगेच करून ठेवा. नळीत फुलपाखरासारखी झडप आणि कॉकपिटमधून केबल, हा उत्तम मार्ग. नाहीतर जाळीच्या एका भागावर अॅल्युमिनियमची पट्टी, दोन स्क्रूंवर. व्हर्नाथर्म वळसा उघडतो, पण थोडं तेल तरीही कूलरमधून जातंच, आणि पहाटेच्या १४ अंशांना तेल ६५ वर अडकून बसतं. केबल तुटली तर झडप आपोआप उघडी राहील अशी स्प्रिंग लावा, बंद राहणारी नको.

आपल्या भागातली एक खास गोष्ट: कुंभारीण माशी. विमान आठवडाभर उभं राहिलं तर तिला कूलरच्या फिनांमधली जागा फार आवडते, आणि मातीचं घर समोरून दिसत नाही. नळीचं तोंड झाकून ठेवा, आणि तपासणीत जाळीच्या मागून पुढं टॉर्च मारा. साफ करताना हवा कमी दाबानं, मागच्या बाजूनं. कॉम्प्रेसर जवळ धरला की फिना आडव्या होतात.

कागदपत्रांबद्दल एवढंच, की प्रत्येक चाचणीची वही ठेवा: बाहेरचं तापमान, वेग, तेल, चारही सिलिंडर, जाळीचा दाब. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांच्या विमानाची डीजीसीएकडं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडं) नोंदणी २०१७ मध्ये झाली, तीही वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानंतर. तपासणीला येणाऱ्या माणसाला ‘का’ याचं उत्तर आकड्यांत दाखवता आलं तर तुमचंच काम हलकं होतं.

किटबरोबर आलेला तो ७ ओळींचा कूलर नवाच आहे ना, हे मात्र विक्रेत्याकडून लेखी घ्या. दुसऱ्या विमानावरून उतरवलेला असेल आणि त्या इंजिनाचं बेअरिंग किंवा कॅम गेलेला असेल, तर धातूचे कण जाळीच्या आतल्या पडद्यांत अडकून बसतात. धुऊन, सॉल्व्हंट फिरवून ते सगळे निघाले याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि निघतात ते नेमके तुमच्या नव्या बेअरिंगमध्ये. असा कूलर फुकट मिळाला तरी भंगारात घाला. नवा असेल तर काउलच्या तोंडांचं माप, खालच्या तोंडाचं माप आणि मागच्या बॅफलपासून फायरवॉलपर्यंतचं अंतर कळवा. पेटी बसते का ते त्यावरून सांगतो.